आठ दिवसांची चावी

बदल नावाच्या गोष्टीशी जन्मभर उभा दावा मांडून, आवाज न चढवता, निव्वळ म्हणींच्या जोरावर तो दावा तीस वर्षं जिंकत आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या शाळेचे थोरले गुरुजी. त्यांच्याकडे म्हणींचा साठा किती होता हे कुणालाच कळलं नाही, पण कुठल्या वेळी कुठली काढायची याचा त्यांचा हात इतका बसलेला होता की समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हण तयार असे. मी नोकरीला लागून पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं की पहिलीच्या पोरांना गोल करून बसवलं तर चालेल का. गुरुजींनी काळी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली आणि म्हणाले, "बाई, नाकापेक्षा मोती जड होऊ नये." या वाक्याचा आणि गोल बसण्याचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. पण ते इतक्या मायेने म्हणाले होते की पोरं रांगेतच बसली.

आमची शाळा कासारवाडी स्टेशनापासून चालत वीस मिनिटांवर, जुन्या गावाच्या कडेला होती. वर्ग चौथीपर्यंत, शिक्षक तीन. माझ्याकडे पहिली-दुसरीची नव्वद पोरं, तिसरी-चौथी दुसऱ्या मास्तरांकडे आणि बाकी सगळं, म्हणजे शाळेची घंटा, हजेरीपत्रकं, कपाटाच्या किल्ल्या, चौथीचं गणित आणि जगाचा समतोल, हे थोरल्या गुरुजींकडे. गुरुजी तिथल्याच जुन्या शेतकरी घरातले. एकेकाळी शाळेत सगळी गावचीच पोरं असायची. मग चहूकडे कंपन्या उभ्या राहिल्या आणि मराठवाड्यातून, कोकणातून आलेल्या कामगारांची पोरं येऊन बसू लागली. वर्गात चार तऱ्हेची मराठी ऐकू यायची. या बदलाला मात्र गुरुजींनी कधी म्हण लावली नाही. पोरगं कुठलंही असो, पहिल्या दिवशी ते त्याच्या पाटीवर स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहून देत.

शाळेच्या दारात एक काळा फळा होता. त्यावर रोज एक सुविचार लिहायचा असा नियम. इतर शाळांतून त्यावर सत्य, शील, स्वच्छता वगैरे येत असे. आमच्याकडे तो फळा म्हणजे गुरुजींचं पत्रोत्तर होतं. आदल्या दिवशी कुणी काही नवीन सुचवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फळ्यावरून उत्तर मिळायचं. गावच्या पंचांनी बाकांसाठी वर्गणी काढू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. दुसऱ्या मास्तरांनी कवायतीला ढोल आणू म्हटलं, तर 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. मास्तर दोन दिवस गुरुजींशी बोलले नाहीत. मी नव्या पद्धतीच्या पाठांचं एक प्रशिक्षण करून आले आणि मोठ्या उत्साहाने तासभर गुरुजींना सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं, मला गूळ-शेंगदाणे दिले. सकाळी शाळेच्या दारात वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'नव्याचे नऊ दिवस.' अक्षर इतकं देखणं की रागही धड येईना.

याच म्हणीचा पुरावा गुरुजींना घड्याळाने मिळवून दिला. जवळच्या एका कंपनीने शाळेला भिंतीवरचं, लंबक असलेलं घड्याळ भेट दिलं. तोवर गुरुजी घंटा द्यायचे ती अंगणातल्या झेंड्याच्या खांबाची सावली पाहून. ढगाळ दिवशी ते अंदाजाने द्यायचे आणि तो अंदाज हटकून जेवणाच्या सुट्टीच्या बाजूने चुकायचा, म्हणून पोरांची कधी तक्रार नव्हती. घड्याळ लागलं. गुरुजींनी त्याला हार घातला, पोरांना खडीसाखर वाटली आणि खांबाकडे पाहून घंटा दिली. आठ दिवस घड्याळ ठणठणत होतं. नवव्या दिवशी सकाळी ते बंद. गुरुजींना इतकं आनंदलेलं मी क्वचितच पाहिलं. मला हाताने खुणावून घड्याळाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "बघा बाई. म्हणीत नऊ म्हटलंय. हे आठांतच आटोपलं." मी म्हटलं, गुरुजी, हे आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ आहे, याला चावी द्यावी लागते. त्यावर त्यांनी लंबकाला बोटाने टिचकी मारून पाहिली. मग म्हणाले, की जी वस्तू दर आठवड्याला पीळ घातल्याशिवाय चालत नाही ती शाळेत कशाला हवी, पोरं आहेतच की. त्यानंतर दर सोमवारी चावी मी देऊ लागले आणि घंटा खांबावरून होत राहिली.

गुरुजींचा दुसरा गड म्हणजे लोखंडी कपाट. त्यात वरून आलेली विज्ञानाची पेटी होती. भिंग, लोहचुंबक, परीक्षानळ्या, एक छोटा सूक्ष्मदर्शक, असं सगळं यादीत होतं. पेटी कधी उघडलेली नव्हती. जडसंग्रहाच्या वहीत त्या प्रत्येक वस्तूची नोंद गुरुजींच्या सहीने होती, त्यामुळे फुटलं-हरवलं तर जाब त्यांनाच. मी दर महिन्याला ती पेटी मागायचे आणि दर महिन्याला गुरुजी कमरेची किल्ली चाचपून म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची." पण म्हणून त्यांचं विज्ञान कच्चं होतं असं कुणी समजू नये. त्यांची बहीण चाकणला दिलेली होती आणि तिच्याकडून दर हंगामाला कांद्याचं एक पोतं यायचं. त्या कांद्यावर गुरुजी काय वाटेल ते शिकवत. कांदा हातात धरून ते पृथ्वीचे थर सोलत, कांदा फिरवून दिवस-रात्र करत, त्याचे चार भाग करून पाव-अर्धा-पाऊण शिकवत आणि शेवटी उरलेला कांदा मीठ लावून ज्याने उत्तर बरोबर दिलं त्याला खायला देत. आमच्या शाळेतल्या हुशार पोरांच्या तोंडाला कायम कांद्याचा वास येई.

त्यांच्या आणखी एका सवयीचं मला पुष्कळ दिवस नवल वाटायचं. कार्यालयातून किंवा एखाद्या कंपनीकडून इंग्रजी पत्र आलं की गुरुजी डोळ्यावरचा चष्मा काढत, धोतराच्या सोग्याने पुसत आणि पत्र माझ्याकडे सरकवून म्हणत की अलीकडे नंबर बदललाय. मराठी पत्राच्या वेळी नंबर जागच्या जागी असे. मी पत्र वाचून अर्थ सांगायचे. आम्ही दोघंही या गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नसू.

मग एका उन्हाळ्यात वरून पत्र आलं. मराठीत होतं, त्यामुळे गुरुजींनीच मोठ्याने वाचलं. गावात मुलं भरपूर आहेत, शाळेने तयारी दाखवली तर पाचवीचा वर्ग वर्षभरासाठी तात्पुरता मंजूर होईल, तपासणीत समाधान झालं तर कायम होईल. मी आणि मास्तर खूश झालो. गुरुजींनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. तिसऱ्या दिवशी 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये'. चौथ्या दिवशी 'अति तेथे माती'. एका पत्राला तीन उत्तरं आजवर कधी गेली नव्हती, तेव्हा मामला गंभीर आहे हे मी ओळखलं.

गंभीर होताच, कारण त्यात रत्नमाला होती. चौथीत पहिली आलेली, किडकिडीत, दोन वेण्या वर बांधलेली, आणि गुरुजींच्या कांद्यावर वर्षभर जवळजवळ एकटीचा हक्क असलेली मुलगी. तिचे वडील परभणीकडून येऊन एका कंपनीत हेल्पर लागलेले. पुढची शाळा होती ती रेल्वेचं फाटक आणि मुंबईचा मोठा रस्ता ओलांडून. मागल्याच साली फाटकात एक म्हैस कापली गेली होती आणि रत्नमालाच्या आईने पोरीला त्या वाटेने पाठवायला साफ नकार दिला होता. आमच्याकडे पाचवी निघाली तर ती शिकणार होती. नाही निघाली तर धाकट्या भावाला सांभाळत घरी बसणार होती.

तिचे वडील पहिल्या शिफ्टहून तसेच शाळेत आले, अंगात खाकी कपडे, हाताला तेल. त्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. गुरुजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी घातली. आता म्हण येणार हे मला कळलं आणि बहुतेक त्यांनाही कळलं असावं, कारण गुरुजींचं तोंड उघडायच्या आत ते हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, म्हण नका सांगू. माझं लेकरू पाचवीत बसणार का नाही, तेवढं एक सांगा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गुरुजींकडे माल नव्हता. उद्या सांगतो, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले तर फळा कोरा. पोरं दारात घोळका करून त्या कोऱ्या फळ्याकडे पाहत होती. कुणी वारलं की काय असं एकाने मला विचारलंसुद्धा.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी मला थांबवून घेतलं. दार लोटलं. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बाई, पाचवीला इंग्रजी असतं." मी हो म्हटलं. ते म्हणाले की तुमच्या गळ्यात नव्वद पोरं आहेत, मास्तरांकडे सत्तर, म्हणजे पाचवी घ्यायची तर मीच. मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. मात्र पुसला नाही, नुसता हातात धरला. "मला ए-बी-सी-डी येत नाही," ते म्हणाले. "आमच्या वेळी सातवीचं मराठी फायनल झालं की मास्तर होता यायचं. पुढं वाटायचं शिकावं, तर लोक म्हणतील गुरुजी होऊन आता पाटी घेऊन बसला व्हय. ह्ये असं झालंय बघा."

मला तेव्हा त्यांचा इतका कळवळा आला की त्या तीस वर्षांच्या सगळ्या म्हणी मी एका क्षणात माफ केल्या. मी म्हटलं, मी शिकवते, सुट्टी आहेच. तयारी असल्याचं पत्र वर गेलं आणि रत्नमालाच्या वडिलांना होकार. गुरुजींनी माझ्याकडून अक्षरं शिकून ती बाराखडीसारखी गिरवली, पण पुस्तकाला हात लावायला तयार होईनात. त्यात मुलं चेंडू खेळतात आणि मांजर चटईवर बसतं, यात शिकण्यासारखं काय आहे, असा त्यांचा सवाल होता. त्याऐवजी ते रोज उन्हं उतरल्यावर छत्री आणि वही घेऊन मोठ्या रस्त्याने पिंपरीकडे चालत निघत आणि कंपन्यांच्या फाटकांवरच्या पाट्या उतरवून घेत. एका फाटकावरच्या रखवालदाराला हा युनियनचा माणूस वाटला आणि त्याने वही मागितली. वहीत नो स्मोकिंग, नो हॉर्न आणि कीप लेफ्ट एवढंच, तेही दहा-दहा वेळा लिहिलेलं. रखवालदार चांगला निघाला. त्याने गुरुजींना स्टुलावर बसवून चहा पाजला आणि फाटकावरच्या सगळ्या पाट्यांचे अर्थ सांगितले.

दर दोन दिवसांनी गुरुजी वही घेऊन माझ्याकडे उच्चार विचारायला येत. पंधरा दिवसांत त्यांचं इंग्रजीबद्दल मत पालटलं. "ही भाषा वाईट नाही बाई," ते म्हणाले. "नो एंट्री, नो पार्किंग, नो व्हेकन्सी. जिकडे बघावं तिकडे नाहीच म्हणते. आपल्या स्वभावाची आहे."

जूनमध्ये पाचवी निघाली. एकतीस मुलं, त्यांतल्या बारा मुली. गुरुजींनी पाठ्यपुस्तक कपाटात, विज्ञानाच्या पेटीशेजारी सुरक्षित ठेवलं आणि पाट्यांवरून इंग्रजी सुरू केलं. पोरांना ते फार आवडलं, कारण त्यांचे बाप रोज त्याच पाट्यांखालून आत जात होते. पोरं स्वतःही शोधून आणू लागली. कुणी ट्रकच्या मागचं हॉर्न ओके प्लीज आणलं, कुणी देहूरोडहून लष्करी हद्दीवरची पाटी उतरवून आणली, तिचा अर्थ मलाही शब्दकोशात पाहावा लागला. वर्गाची शिस्तही फाटकाची झाली. कुणी उशिरा आलं की त्याने दारात थांबायचं आणि 'मे आय कम इन' म्हणायचं. मग सगळ्या वर्गाने एका सुरात 'नो अ‍ॅडमिशन विदाउट परमिशन' म्हणायचं. उशिरा आलेल्याने 'परमिशन प्लीज' म्हटलं की मॉनिटर रत्नमाला वही पुढे करणार, त्याने सही करायची आणि आत यायचं. पोरं एकेक दिवस मुद्दाम उशिरा येऊ लागली.

थंडीत तपासणीचे साहेब आले. सफारी सूट, बरोबर कारकून. त्या दिवशी गुरुजींनी धुतलेली टोपी घातली होती. रत्नमालाचे वडील रात्रपाळी करून न झोपता अंगणातल्या खांबाशी उभे होते. साहेब पहिली ते चौथी बघून पाचवीच्या दाराशी आले. मुलांची परीक्षा घ्यावी म्हणून ते उंबऱ्यावर थांबले आणि हसून म्हणाले, "मे आय कम इन?"

एकतीस पोरांनी छातीत हवा भरून घेतली आणि कौलं हादरतील अशा आवाजात सांगितलं, "नो अ‍ॅडमिशन विदाउट परमिशन."

साहेबांचा एक पाय उंबऱ्यावर तसाच राहिला. कारकुनाने हातातल्या कागदांत तोंड घातलं. तेवढ्यात रत्नमाला आपल्या जागेवरून उठली, दारापर्यंत गेली, वही आणि पेन पुढे केलं आणि अतिशय अदबीने म्हणाली, "परमिशन प्लीज, सर." हे वाक्य खरं तर साहेबांचं होतं. पण साहेबांना ते माहीत नाही हे ओळखून तिने त्यांच्या वतीने म्हणून टाकलं होतं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, वही घेतली, सही केली आणि खाली वेळही टाकली. मग आत आले.

ते इंग्रजीत गुरुजींना काहीतरी विचारू लागले. गुरुजींचा हात चष्म्याकडे गेला. मी दारामागे उभी होते. चष्मा त्यांनी काढला नाही, नुसता नाकावर नीट बसवला आणि मराठीत म्हणाले, "साहेब, मला इतकंच येतं. फाटकावरचं. मीही यांच्याबरोबर पाचवीतच आहे."

साहेबांनी अर्धा तास वर्गात बसून पोरांकडून पाट्या म्हणून घेतल्या, लिहून घेतल्या, रत्नमालाकडून तर खडूने फळाभर. निघताना वर्गाने उभं राहून त्यांना 'गो स्लो' असा निरोप दिला, तेव्हा मात्र ते हसले ते जीपपर्यंत हसतच गेले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं होतं : इंग्रजीचे उच्चार स्पष्ट, आवाज मोठा. वर्ग कायम करण्यास हरकत नाही. शिक्षकांनी यापुढे पाठ्यपुस्तकही उघडावे. गुरुजींनी ते तीनदा वाचलं. मग अंगणात जाऊन रत्नमालाच्या वडिलांना आपण होऊन सांगितलं, म्हणीशिवाय. ते गृहस्थ खांबाला टेकून खाली बसले आणि तिथेच त्यांना झोप लागली.

संध्याकाळी गुरुजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "मूठ उघडली बाई," ते म्हणाले. "आत फारसं काही नव्हतं. पण पोरांनी तेवढ्यावर चालवून घेतलं."

त्यानंतर एकच वर्ष ते शाळेत होते. निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि विज्ञानाची पेटी स्वतः उघडली. चुंबकाचा जोर गेला होता, नळ्यांच्या पेंढ्यात उंदरांनी संसार केला होता. सूक्ष्मदर्शक मात्र धड होता. मी कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून दिला. आधी सगळ्या पोरांनी पाहिलं, शेवटी गुरुजी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. उठले तेव्हा डोळे पाणावले होते. कांदा फार तिखट आहे, असं पुटपुटून ते म्हणाले, "आत केवढी घरं आहेत. आणि मी जन्मभर नुसता सोलत बसलो." दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटा दिली ती मात्र खांबाकडे बघूनच, आणि जेवणाच्या सुट्टीच्या बाजूने दहा मिनिटं चुकवून.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या खुर्चीवर मी बसते. मागल्या वर्षी नवीन बाई रुजू झाल्या, दोन वेण्यांचा अंबाडा झालेला, पण चाल तीच. रत्नमालाने डी.एड. करून हीच शाळा मागून घेतली होती. परवा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की बाई, पहिलीच्या पोरांना मी गोल करून बसवू का. मी वहीत डोकं घालून होते. मान वर न करता मी म्हटलं, "अगं, नव्याचे नऊ दिवस."

ती वर भिंतीकडे पाहत नुसती उभी राहिली. मीही पाहिलं. घड्याळ बंद होतं. सोमवार होऊन गेला होता आणि चावी द्यायचं मी विसरले होते. कितव्यांदा विसरले होते कोण जाणे. मला एकाएकी गुरुजींची आठवण झाली. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळाला चावी देऊ लागले. रत्नमालाने खालून स्टूल धरलं. "गोल बसव," मी म्हटलं.